अनोळखी शब्द : शून्य

जतन केलेली गोष्ट आणि उघडता येणारी गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनुष्यजातीच्या फार उशिरा लक्षात आलं. आमच्या कक्षाच्या ते स्थापनेनंतर चौदा महिन्यांनी लक्षात आलं. तोवर आम्ही एकशे बारा तासांचं जतन करून बसलो होतो.

कक्षाचं पूर्ण नाव 'खान्देश बोली दृक्-श्राव्य विश्लेषण व संवर्धन कक्ष, जळगाव'. एवढं नाव एका पाटीवर मावलं नाही, म्हणून दोन पाट्या कराव्या लागल्या. 'व संवर्धन' ही दुसरी पाटी दाराच्या मागच्या भिंतीवर आहे. (दार उघडं असलं की ती दिसत नाही. कार्यालयीन वेळेत दार उघडंच असतं.)

काम सोपं आहे. अहिराणी बोलणारी जुनी माणसं शोधायची, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं, आणि तयार झालेली फाइल 'वाक्-दर्पण' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची. वाक्-दर्पण एकेक शब्द सुटा करतं, तो बोलताना ओठ कसे हलले ते मोजतं आणि शब्दाला क्रमांक देतं. क्रमांक मिळालेला शब्द मरत नाही, असं आमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. ते मीच लिहिलं आहे. मी कक्षाचा अहवाल लेखक. स्वतः काही जतन करत नाही, झालेल्या जतनाचा अहवाल लिहितो. माझ्यावर प्रेमराज सर, म्हणजे कक्षप्रमुख, आणि शेजारच्या टेबलावर वृषाली, तांत्रिक साहाय्यक, जामनेरची. कक्षात काम येतं ते फक्त तिला, त्यामुळे तिचं पद कंत्राटी आहे.

द्रौपदाबाई आम्हाला सापडल्या शिंदखेडा तालुक्यात. वय अठ्ठ्याहत्तर. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मदतनीस होत्या. त्यांचे यजमान देवचंद अकरा वर्षांपूर्वी वारले. मुलगा बुद्धभूषण शिरपूरला एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे फलाटावर कोणती गाडी लागली ते माइकवरून सांगणारा. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी 'जय भीम' म्हणून पाणी दिलं, बुद्धांच्या तसबिरीखाली चटई टाकली आणि विचारलं की काय बोलायचं. प्रेमराज सर म्हणाले, काहीही बोला, आयुष्यातला एखादा प्रसंग सांगा. बाईंनी लग्न कसं जमलं ते सांगितलं.

तो प्रसंग असा. द्रौपदा सोळा वर्षांची, मैत्रिणींबरोबर कापूस वेचत होती. बांधावर एक सायकलवाला थांबला आणि त्यानं एका माणसाचं नाव घेऊन घर विचारलं. तो माणूस म्हणजे द्रौपदाचा बाप. मुलगा आपल्यालाच बघायला आलाय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं त्याला सरळ नरडाण्याच्या रस्त्याला लावून दिलं. देवचंद पार नरडाण्यापर्यंत गेला, विचारत विचारत परतला, वाटेत सायकल पंक्चर झाली. दिवस मावळताना सायकल खांद्यावर घेऊन दारात उभा. द्रौपदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्यानं तिला ओळखलं, घसा खाकरला आणि सगळ्या मोठ्या माणसांसमोर म्हणाला :

"वाट चुकाडी दिधी ना तू, आते जलमभर तूच दखाड."

बापाला ठसका लागला, आईनं तोंडाला पदर लावला आणि लग्न जमलं.

हे सांगताना द्रौपदाबाई देवचंद झाल्या होत्या. आवाज खाली उतरवला, त्याच्यासारखा घसा दोनदा खाकरला, मान एका बाजूला टाकली. बुद्धभूषण दाराशी उभे होते ते आत आले आणि बसले. देवचंद यांचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नाही, फोनमध्येही नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. बाप ऐकायचा असेल तर आईकडूनच ऐकायचा. वृषाली फोनवर चित्रीकरण करत होती आणि हसत होती, त्यामुळे अकरा सेकंद चित्र हललं आहे. लांबी एकेचाळीस मिनिटं. मी अहवालात 'समाधानकारक' असं लिहिलं.

जळगावला येऊन फाइल वाक्-दर्पणात घातली. आवाज आला, पडदा काळाच.

वृषालीनं कारण सांगितलं. फाइलच्या नावाचं शेपूट बघून ती कसली आहे ते आपण ठरवतो, पण ते शेपूट म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर भरीत लिहिलंय म्हणून आत तेच वांगं असेल असं नाही. नवे फोन चित्र नव्या पद्धतीनं दाबून भरतात. वाक्-दर्पण डबा उघडतं, आत डोकावतं आणि ओळखीचं काही दिसलं नाही की जेवायला नकार देतं. उपाय चार मिनिटांचा होता. फुकटात मिळणाऱ्या एका प्रोग्रॅमनं फाइल जुन्या पद्धतीत बदलून घ्यायची. भाजी तीच, डबा जुना.

इथे मार्गदर्शक सूचना क्रमांक सात आडवी आली. ती मुळातूनच वाचावी अशी आहे : 'मूळ फाइलीत कोणत्याही प्रकारे बदल, रूपांतर वा फेरफार करण्यात येऊ नये. तसे केल्यास सदर नमुना अस्सल मानला जाणार नाही.'

वृषालीनं विचारलं की मग न उघडणाऱ्या फाइलीचं काय करायचं. प्रेमराज सरांनी सूचना पुन्हा वाचली. त्यात फाइल बदलायला मनाई होती, पण वक्त्याबद्दल काहीच नव्हतं. ते म्हणाले, "फाइल बदलता येत नाही. आक्कांना पुन्हा बसवता येतं."

या निर्णयातली शिस्त मला आजही आवडते.

दुसऱ्या खेपेला बाईंना जळगावला आणलं. शिंदखेड्याहून धुळे, धुळ्याहून जळगाव, दोन गाड्या करून. कक्षाचा मोठा कॅमेरा तोवर खोक्यातच होता, तो बाहेर काढला. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. तेहतीस मिनिटं. फाइल घातली. या वेळी चित्र आलं, आवाज आला नाही. प्रेमराज सर अजिबात निराश झाले नाहीत. मागच्या वेळी आवाज मिळाला, आता चित्र मिळालं, म्हणजे नमुना तत्त्वतः पूर्ण झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही जोडून बघायचं ठरलं. परंतु बाई पहिल्या वेळी जिथं हसल्या होत्या तिथं दुसऱ्या वेळी पाणी पीत होत्या. प्रयोग थांबवण्यात आला.

आम्ही वाक्-दर्पणच्या मदत केंद्राला पत्र लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर आलं : 'आपली अडचण आम्हाला समजली आहे. कृपया संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.' आम्ही तसं केलं. त्याचा अनुपालन अहवाल मी स्वतः लिहिला, दोन पानं.

तिसऱ्या खेपेला वृषालीनं फोनमधली सेटिंग बदलून घेतली आणि चित्र, आवाज दोन्ही आले. कक्षात पेढे वाटले गेले. मात्र पाचव्या मिनिटापासून आवाज ओठांच्या पुढे धावायला लागला. फोन उजेड बघून चित्रांचा वेग कमीजास्त करतो आणि वाक्-दर्पण तो एकसारखाच धरून चालतं, असं वृषाली म्हणाली. पंधराव्या मिनिटाला बाईंचं हसू विनोदाच्या तीन सेकंद आधी ऐकू येत होतं. ओठांचं मोजमाप अशक्य. सबब, अपात्र. ही खेप एकोणीस मिनिटांची होती. बाई दमल्या होत्या, आणि देवचंद दारात एवढंच म्हणाले होते : "वाट चुकाडी, आते तूच दखाड." जलमभर कुठे गेलं, हे कोणी विचारलं नाही. अहवालाच्या नमुन्यात तसा रकाना नाही.

पण त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट झाली. बाई निघायच्या होत्या, बुद्धभूषण रिक्षा आणायला गेले होते, आणि वृषालीच्या पडद्यावर त्यांचंच बोलणं लिहून येत होतं. वाक्-दर्पण ऐकलेला शब्द आपल्या शब्दकोशात शोधतं. सापडला तर काळ्या अक्षरात, नाही सापडला तर लाल. शब्दकोश प्रमाण मराठीचा आहे. (बोलीचा शब्दकोश याच कामातून तयार व्हायचा आहे, म्हणून तो आत्ता नाही.) पडदा वरपासून खालपर्यंत लाल होता.

बावीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला लाल अक्षर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या चष्मा सरसावून बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू आवाजात वृषालीला म्हणाल्या, "मना बठ्ठा शब्द चुकनात का?"

वृषाली नाही म्हणाली. म्हणाली की तुमचे शब्द बरोबर आहेत, या मशीनला येत नाहीत. ती आणखी काही सांगणार होती, पण प्रेमराज सर सौजन्यानं मध्ये आले आणि म्हणाले की आक्का, चुकले नाहीत, फक्त शब्दकोशात नाहीत. बाईंनी मान डोलावली. दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये बाईंनी हे अनेकदा अनुभवलेलं होतं. घरच्यासारखं बोललं की खिडकीतला माणूस 'काय?' म्हणतो, पुस्तकातल्यासारखं बोललं की कागद पुढे सरकतो. आपल्यामुळे या भल्या माणसांचं काम अडलंय, दोन-दोन गाड्यांचा त्रास पोराला होतोय, आणि कारण फक्त एवढंच आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. हे बुद्धभूषण यांनी मला नंतर सांगितलं. घरी गेल्यावर बाईंनी त्यांना विचारलं होतं की तू माइकवर बोलतोस तसं कसं बोलायचं. त्यांनी आठ दिवस शिकवलं. आईनं एवढ्या हौसेनं काही विचारलं नव्हतं बऱ्याच दिवसांत, म्हणून त्यांना आनंदच झाला.

चौथ्या खेपेसाठी वृषालीनं वेगळी वाट काढली. शिंदखेड्यात हिलाल नावाचे एक गृहस्थ लग्नांची शूटिंग करतात. त्यांच्याकडे एक जुना हॅंडीकॅम होता, नव्या कॅमेऱ्यांपुढे निवृत्त झालेला. वाक्-दर्पण ज्या वर्षी बनलं त्याच सुमाराचा. दोघं समवयस्क, तेव्हा एकमेकांचं ऐकतील, असा तिचा हिशेब. हिलालभाऊंनी कॅमेरा पुसून दिला आणि नवरीला सांगतात तसं बाईंना सांगितलं की आक्का, हनुवटी थोडी वर.

बाई आपल्या घरीच इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. हात मांडीवर, मान सरळ. त्यांनी सुरुवात केली :

"मी कापूस वेचत असताना एक सायकलस्वार तेथे आला. त्याने माझ्या वडिलांच्या घराचा पत्ता विचारला. मी त्याला अन्य दिशा दाखवली. सायंकाळी तो आमच्या घरी उपस्थित झाला."

वृषालीनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. सरांनी तिला खुणेनं गप्प केलं. बाई सांगत सांगत दारातल्या प्रसंगाशी आल्या. घसा खाकरला नाही. म्हणाल्या :

"तो म्हणाला, आपण रस्ता चुकीचा सांगितला आहे. तरी पुढील मार्गदर्शन आपणच करावे. त्यानंतर आमचा विवाह संपन्न झाला. धन्यवाद."

सहा मिनिटं दहा सेकंद.

फाइल तिथेच, कक्षाच्या लॅपटॉपवर, पहिल्या झटक्यात उघडली. चित्र होतं, आवाज होता, ओठ आणि शब्द हातात हात घालून चालले होते. पडद्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत काळी. खाली वाक्-दर्पणनं निकाल दिला, तो मी जसाच्या तसा अहवालात घेतला आहे :

खेप पहिली, अनोळखी शब्द दोन हजार तीनशे सहा.
खेप दुसरी, आवाज नसल्याने अनोळखी शब्द आढळले नाहीत.
खेप तिसरी, अनोळखी शब्द नऊशे एक्केचाळीस.
खेप चौथी, अनोळखी शब्द शून्य. सुसंगतता शंभर टक्के.

प्रेमराज सरांनी हा तक्ता चौकटीत लावायला सांगितला. बाईंना पडदा दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. एकही लाल अक्षर नाही. फाइल उघडली ती हिलालभाऊंच्या कॅमेऱ्यामुळे, तुमच्या बोलण्यामुळे नाही, असं वृषाली त्यांना तीनदा सांगून आली. पण आपण नीट बोललो आणि मशीन चालू झालं, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांनीही पाहिलं होतं. दोघांच्या अनुभवापुढे एका कंत्राटी मुलीचं तांत्रिक मत टिकलं नाही.

यानंतर लोकार्पण सोहळा झाला. जळगावात, भाड्याच्या सभागृहात. पंचाऐंशी खुर्च्या, दोन मोठे स्पीकर, पाठीमागे फलक : 'आपली बोली, आपला अभिमान'. कक्षानं यशस्वीरीत्या जतन केलेला पहिला नमुना मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आला. लोकांनी शांतपणे ऐकला. द्रौपदाबाई पहिल्या रांगेत होत्या, शेजारी बुद्धभूषण, मागे आम्ही. पडद्यावर 'पुढील मार्गदर्शन आपणच करावे' असं झालं तेव्हा टाळ्या पडल्या. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी आपला आवाज इतका मोठा आणि इतक्या लांबून पहिल्यांदाच ऐकला होता. त्या मागे वळल्या आणि वृषालीला म्हणाल्या :

"हाऊ कोन शे?"

वृषालीनं सांगितलं की हे देवचंदच बोलताहेत. बाई पुन्हा पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "हाऊ मना माणूस नही. हाऊ तं तलाठी शे. यानासंगे कोन लगीन करी?"

त्या हसत म्हणाल्या, पण हसू मध्येच थांबलं. व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं जात होतं. त्या उठल्या नाहीत. बुद्धभूषण यांनी हात धरला तरी उठल्या नाहीत. शाल आणि श्रीफळ शेवटी मीच स्वीकारलं. (पोच अहवालास जोडली आहे.)

पुढची घटना सभागृहाच्या बाहेर, चहाच्या टेबलापाशी घडली. ती मी पाहिली, पण कार्यालयीन दृष्ट्या ती घडलेली नाही. अपात्र फाइली दर तीन महिन्यांनी पुसल्या जातात. त्या पुसण्याच्या आदल्या दिवशी वृषालीनं पहिल्या खेपेची फाइल आपल्या लॅपटॉपवर घेऊन चार मिनिटांत बदलून ठेवली होती. ती आता तिच्या फोनमध्ये होती. तिनं फोन बाईंच्या कानाजवळ धरला.

बाई ऐकत राहिल्या. कपातला चहा गार झाला. दाराचा प्रसंग आला, फोनमधून दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि ते वाक्य आलं, जलमभर सकट. बुद्धभूषण दोन पावलं लांब उभे होते. दिवसातून शंभर वेळा माइकवर शुद्ध बोलणारा तो माणूस जवळ आला, फोनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "परत लाव."

वृषालीनं परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी बाई फोनमधल्या वाक्याच्या बरोबरीनंच ते वाक्य म्हणाल्या, मान एका बाजूला टाकून. शेजारी उभे असलेले दोन पाहुणे चहा घेऊन थोडे पलीकडे सरकले. नंतर ती फाइल बुद्धभूषण यांच्या फोनमध्ये गेली आणि तिथून गावातल्या सगळ्यांच्या. शिंदखेडा तालुक्यात ती आता चांगली चालते असं ऐकतो. कोणाच्याही फोनवर उघडते. तिला क्रमांक नाही.

सूचना क्रमांक सातचा भंग केल्याबद्दल वृषालीला कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. मसुदा माझा. तिनं मुदतीत खुलासा दिला, तो लेखी नव्हता, ध्वनिमुद्रित होता. तो वाक्-दर्पणमध्ये उघडत नाही. रूपांतर करायला मनाई आहे, आणि उघडल्याशिवाय निर्णय देता येत नाही, म्हणून चौकशी प्रलंबित आहे. तिचं कंत्राट संपल्यावर ती जामनेरला गेली. सध्या तालुक्याच्या गावांतून म्हाताऱ्या माणसांचे आवाज गोळा करते, स्वतःच्याच फोनवर, कोणत्याही सूचनेविना. अशा कामाला भवितव्य नाही, हे मी तिला निरोप देताना सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही घरी कोणत्या भाषेत बोलता?" मी म्हणालो की घरी सगळे शिकलेले आहेत.

असो. वार्षिक अहवाल आता पूर्ण होत आला आहे. एकच रकाना भरायचा राहिला होता : 'बोली-संवर्धनाचा प्रत्यक्ष लाभ घेतलेल्या व्यक्ती'. त्यात कोणाची नावं घालावी या विवंचनेत मी होतो. द्रौपदाबाईंचं घालता येत नाही, त्या वक्त्या आहेत. गावकऱ्यांचं घालता येत नाही, त्यांनी अनधिकृत फाइल ऐकली. म्हणून हा सगळा प्रसंग मी व्यवस्थित मराठीत लिहून काढला. बाईंची पाच-सहा वाक्यं तेवढी मूळची ठेवली, तीही चवीपुरती, आणि प्रत्येकाच्या मागेपुढे अर्थ लागेल अशी सोय केली. बाकी बठ्ठं... क्षमस्व, बाकी सगळं रूपांतरित करून दिलं. तुम्ही इथपर्यंत आलात, कुठं अडला नाहीत, आणि बाई त्या एकेचाळीस मिनिटांत आणखी काय बोलल्या असं एकदाही विचारलं नाहीत. याचा अर्थ तुमची सुसंगतता शंभर टक्के आहे. रकान्यात तुमचं नाव घातलं आहे. सहीची गरज नाही.